किसणीचा आवाज

बायको गेली त्याला दोन महिने झाले असतील. पुण्याहून मुलीचा फोन आला. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, हे नेहमीचं विचारून झालं आणि मग ती म्हणाली, "बाबा, आईचा आवाज कुठं असेल का हो?"

आजकाल माणूस गेलं की त्याचे व्हिडिओ मागे राहतात. शेजारच्या आजी गेल्या तेव्हा त्यांच्या नातवाने फोन काढून दाखवला, त्यात त्या लिंबाच्या लोणच्याची कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतात, मधे सुनेला टोमणाही मारतात. आमच्याकडे तसं काही नाही. सोळा वर्षांपूर्वी बायकोचा घसा बसला. सर्दी असेल, बोलण्याचा ताण असेल, असं करत आम्ही तीन-चार महिने काढले. मग तपासण्या झाल्या आणि स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला. मानेला ठेवलेल्या भोकातून ती श्वास घ्यायची, आणि पुढची सोळा वर्षं पाटीवर लिहून, हातवारे करून, डोळे वटारून बोलायची. आमच्या हातात असे फोन आले तेव्हा त्यांत भरायला तिच्याकडे आवाज उरला नव्हता. फोनमध्ये ती खूप आहे. पोळ्या लाटते, हसते, नातीला खोटी खोटी चापट मारते. सगळं मुकं.

"मला आठवेना झालाय," मुलगी म्हणाली. "सतरा वर्षांची होते मी. वाटायचं, पाठच आहे आपल्याला. आता डोळे मिटून बसते तर नुसते ओठ हलताना दिसतात." तिच्या चार वर्षांच्या लेकीने विचारलं होतं, आजी कशी बोलायची? मुलीला ते करून दाखवता आलं नव्हतं.

मी म्हणालो, शोधतो.

आधी लग्नाच्या कॅसेटी काढल्या. भाच्याचं लग्न, मेहुणीचं लग्न, कुणाचं बारसं. बायको त्यांत जागोजागी आहे, पंगतीत वाढताना तर चांगली पाच मिनिटं बोलते आहे. पण त्या काळातल्या व्हिडिओवाल्यांना खरा आवाज ठेवायचा म्हणजे कमीपणा वाटायचा. सगळीकडे वरून सिनेमाची गाणी चढवलेली. ती वाकून एका म्हाताऱ्या बाईला काहीतरी सांगते, बाई खळखळून हसते, आणि मागे सनई. त्या सनईवाल्याचा मला एवढा राग आला की मी टीव्ही बंद केला.

म्हणजे उरला तो आमचा कार्यक्रम.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. सिडकोत आमच्या भागाला केबल देणारे एक भाई होते. गच्चीवर तबकड्या, खाली एका खोलीत ऑफिस आणि त्यांचं स्वतःचं एक चॅनल. त्यावर दिवसभर सिनेमे, मधेमधे साड्यांच्या सेलच्या जाहिराती आणि कुणाकुणाच्या वाढदिवसाचे फोटो. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. एकदा गॅदरिंगला मी घरची सांडशी घेऊन गेलो, तिला टिकल्यांचे डोळे चिकटवले आणि मुलांशी बोलायला लावलं. सांडशीला तोंड करावं लागत नाही, ते तिला जन्मतःच असतं. भाईंची मुलं त्याच शाळेत होती. पुढच्या आठवड्यात भाई घरी आले, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "सर, ये चिमटे का हर इतवार कू कुछ करो ना. बच्चे लोगां आधा घंटा तो एक जगह बैठेंगे."

असा तो सुरू झाला. दर रविवारी सकाळी अर्धा तास. भाई लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा शनिवारी दुपारी आमच्याकडे आणायचे आणि स्वतःच चालवायचे. जेवणाच्या टेबलाला चादर लावली की झाला रंगमंच. बाहुल्या म्हणजे स्वयंपाकघर. फुंकणी, चाळणी, खलबत्ता, ज्याला जसं काम असेल तसं. मुख्य दोघंच. सांडशी मी आणि किसणी बायको.

किसणीचं तसं काही ठरलेलं नव्हतं. बायकोने फक्त खाली बसून वस्तू हातात द्यायच्या होत्या. पहिल्याच शनिवारी माझी सांडशी स्वच्छतेवर भाषण देत होती. मास्तरच मी, भाषण लांबलं. तेवढ्यात शेजारून एक किसणी वर आली आणि म्हणाली, "लई शहाना हायेस. सोच्छता सोच्छता करतूस, आन् काल दुधाचं पातेलं कुनी पाडलं?" भाई इतके हसले की कॅमेरा हलला.

बायको पिशोरची. शहरात, माझ्या शाळेतल्या लोकांसमोर ती बेताचंच बोलायची, शब्द जपून वापरायची. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि ती इतकं बोलू शकते हे मला टेबलाच्या मागे गुडघ्यांवर बसलो असताना कळलं. किसणी पत्र्याची, म्हणून तिचा आवाजही तसा हवा, हे तिनेच ठरवलं. ती रिकामा तांब्या तोंडाशी धरून बोलायची. त्यातून आवाज घुमून, जरा खणखणीत होऊन यायचा. आमच्या दोघांच्या बोलण्यात एक क्षणाची उसंत नसायची. माझं वाक्य संपायच्या आत तिचं सुरू व्हायचं, तिचं तोडून मी घुसायचो. भाई म्हणायचे, एकेक करके बोलो. ते आम्हाला कधीच जमलं नाही.

डोळे टिकल्यांचेच ठेवायचे, कायमचं काही चिकटवायचं नाही, हा तिचा नियम. कारण संध्याकाळी किसणी लागायची. चित्रीकरण झालं की डोळे काढायचे, धुवायचं आणि गाजर किसायला घ्यायचं. एकदा समोरच्या घरातली छोटी मुलगी आमच्याकडे जेवायला बसली होती. मांडणीवर बिनडोळ्यांची किसणी बघून ती रडायला लागली, आणि बायकोला पोळी तव्यावर टाकून टिकल्या शोधाव्या लागल्या.

चिकटवायचं नाही, तसं ठेवायचंही नाही. हा दुसरा नियम मात्र माझा. भाईंकडून तीन कॅसेटी मिळाल्या होत्या. शनिवारी रेकॉर्ड करायचं, रविवारी ती चॅनलवर लागायची, सोमवारी परत यायची, आणि पाळी आली की तिच्यावरच पुढचं. भाई नव्या कॅसेटी द्यायला तयार होते, मीच नको म्हणायचो. "जपून काय करायचंय? पुढच्या रविवारी नवीन असणारच आहे." खडूचे तुकडे डबीत साठवणारा मास्तर मी, त्यात मला मोठा साधेपणा वाटायचा. दीड वर्षाच्या वर कार्यक्रम चालला आणि मी तो दर आठवड्याला स्वतःच्या हाताने पुसत गेलो.

भाई आता शहागंजला मुलाच्या मोबाइलच्या दुकानात बसतात. मी त्यांना जाऊन भेटलो. बायकोचं कळल्यावर त्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. कॅसेटींचं विचारलं तेव्हा म्हणाले, "सर, तीनिच तो थे. उसीच पे चढाते गए ना अपन." शेवटी त्या तिन्हींवर त्यांनी भाचीची शादी चढवली होती. ते हे साधेपणाने सांगत होते, दोष देत नव्हते. मला मात्र त्या दुकानात, मोबाइलच्या कव्हरांच्या खाली, फरशीवर बसावंसं वाटलं.

मग सिडकोतल्या जुन्या रहिवाशांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लिहिलं. सांडशी आणि किसणीचा कार्यक्रम कुणी घरी रेकॉर्ड केला होता का? उत्तरं धडाधड आली. आम्ही एकही रविवार चुकवायचो नाही. आमच्या घरात अजून किसणीला टिकल्या लावतात. काय ते दिवस होते. आठवणी सगळ्यांकडे होत्या. मी त्यांचं काय करणार होतो? कॅसेट कुणाकडेच नव्हती.

तीन आठवड्यांनी एका बाईंचा फोन आला. शेंद्र्याला कंपनीत नोकरी करतात. लहानपणी आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायच्या. "सर, एका रविवारी आम्ही लग्नाला लासूर स्टेशनला गेलो होतो. किसणी चुकणार म्हणून मी आदल्या दिवसापासून रडत होते. अब्बांना सुट्टी नव्हती, ते घरीच होते. त्यांनी व्हीसीआर लावून रेकॉर्ड करून ठेवला." अब्बा आता नाहीत. त्यांच्या लोखंडी पेटीत कॅसेट सापडली. ती ओढणीत गुंडाळून त्या स्कूटीवर घेऊन आल्या. कॅसेटवर उर्दूत काही लिहिलं होतं, ते त्यांनीच मला वाचून दाखवलं, 'बच्ची का प्रोग्राम'. चहा घेताना भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "काकूंचा आवाज अजून माझ्या कानात आहे." मला त्यांचा हेवा वाटला.

औरंगपुऱ्यात एक जुना फोटो स्टुडिओ आहे, तिथे कॅसेटवरचं फोनमध्ये घालून देतात. मालकाने कॅसेट उजेडात धरली, बुरशी दाखवली, हमी देत नाही म्हणाला. मी म्हणालो, जेवढं येईल तेवढं द्या. फायली, लिंका यातलं मला काही कळत नाही, म्हणून निघालं की थेट मुलीच्या नंबरवर पाठवा, असंही सांगून ठेवलं. दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत मी लहान मुलासारखा वाट बघत होतो. घर झाडलं, पडदे धुतले. कुणीतरी येणार असल्यासारखं.

बोलावणं आलं तेव्हा मी दुकानात धापा टाकतच पोचलो. मालकाने छोट्या पडद्यावर लावून दिलं. आधी मुंग्या, मग आमचं टेबल. आमची निळ्या फुलांची चादर. सांडशी आली आणि काहीतरी बोलली, मग किसणी वर आली आणि म्हणाली, "व्हय, आला लई मोठा लाटसाहेब." तांब्यातून घुमणारा तो आवाज ऐकला आणि मी तिथे, अनोळखी माणसासमोर, ढसाढसा रडलो. मालकाने पाण्याची बाटली पुढे केली. गेल्या कित्येक वर्षांत मी इतका सुखी झालो नव्हतो.

ते सुख चार मिनिटं टिकलं असेल. आधी डोळे खटकले. किसणीचे डोळे टिकल्यांचे नव्हते, कागदावर स्केचपेनने काढून कापलेले होते. मग लक्षात आलं की सांडशी बोलते, थांबते, आणि एवढीशी जागा सोडून किसणी बोलते. पुन्हा जागा, पुन्हा सांडशी. कुणी कुणाचं वाक्य तोडत नाही. एकेक करून. आणि त्या प्रत्येक रिकाम्या जागेत एक बारीक टक्क असा आवाज, तांब्या खाली फरशीवर ठेवल्याचा.

तो मी होतो. दोघंही मीच होतो.

त्या आठवड्यात काय झालं होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शाळेच्या पालकसभेत एका गृहस्थांनी तक्रार केली की तुमच्या किसणीमुळे आमची मुलं घरी लई, व्हय, आन् असं बोलायला लागली आहेत. मी घरी आलो. बायको तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणालो, "किसणीचं जरा शुद्ध बोलशील का?"

ती म्हणाली, "किसनी पिशोरची हाये. ती असंच बोलंल."

मी म्हणालो, "पिशोरची तू आहेस. किसणी बाजारातून आणलीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वर्षांच्या मुलीला घेऊन ती एसटीने माहेरी गेली. शनिवार आला, ती आली नाही. भाई कॅमेरा घेऊन आले. त्यांना परत पाठवता आलं असतं. मी पिशोरला जाऊन तिला घेऊन येऊ शकलो असतो, दुपारपर्यंत परतही आलो असतो. मी तांब्या उचलला. टिकल्यांचं पाकीट तिच्याबरोबर गेलं होतं, म्हणून डोळे कागदाचे केले. आधी शुद्ध बोलून पाहिलं. किसणी एकदम मुख्याध्यापिका वाटायला लागली. भाई म्हणाले, "मजा नै आरा, सर." मग मी तिच्यासारखं बोललो. जे बोलू नकोस म्हणून तिला घराबाहेर काढलं होतं तेच सगळं. तिचं लई, तिचं व्हय, रागवायच्या आधी तिचं ते श्वास ओढून घेणं. नऊ वर्षं ऐकत होतो, येणारच. भाई म्हणाले, "भाबी से भी बढिया, सर." आणि मला आनंद झाला. त्या आनंदाची मला आज किळस येते.

बुधवारी ती परत आली. जिन्यातच शेजारच्या वहिनींनी तिला गाठलं आणि म्हणाल्या, रविवारचा भाग काय झकास, काय झापलंत हो त्या सांडशीला. ती वर आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली. मग म्हणाली, "जमतंय की तुमाला. कुनाला कळलं नाय?"

मी हसून म्हणालो, "कुणालाच नाही."

मला वाटलं ती कौतुक करतेय. नंतर तिने बाहुली म्हणून किसणी हातात धरली नाही. गाजरं किसली, नारळ किसला, डोळे लावले नाहीत. दोन रविवार मी एकट्या सांडशीवर काढले आणि कार्यक्रम बंद पडला. शाळेतलं काम वाढलं, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं. तिच्याशी मी त्यावर कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं तेव्हा तिला आवाज होता. ऑपरेशननंतर बऱ्याच वर्षांनी एका दुपारी मी धीर करून सुरुवात केली, "त्या किसणीच्या वेळचं माझं जरा..." तिने पाटी ओढली आणि लिहिलं, 'भाजी कोणती करू?' मी म्हणालो, मेथी.

आजार कुणाच्या बोलण्याने होत नाही, हे मला कळतं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. तरी तिच्या गळ्यात जे झालं त्याची सुरुवात मी केली, असं मला वाटतं आणि ते जात नाही.

मी स्टुडिओच्या पायऱ्या उतरत होतो तेव्हाच फोन वाजला. मालकाने मुलीला आधीच पाठवून दिलं होतं. पहिलं अर्धं मिनिट ती नुसती रडत होती. मग म्हणाली, "बाबा, आई आहे हो. आईच आहे. मी विसरले नव्हते, हाच होता आवाज." रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालले होते. मी एका हाताने दुसरा कान दाबून धरला होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"व्हय," मी म्हणालो.

तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून हे वहीत लिहितो आहे.

गेल्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं. पानं वाढायच्या आधी जावयाने फोन टीव्हीला जोडला आणि सगळ्यांना तो भाग दाखवला. पिशोरहून तिची थोरली बहीण आली होती. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "अशीच बोलायची बाई. लई दिसांनी आयकली." सख्खी बहीण, एका ताटात जेवलेली. तिलाही कळलं नाही. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि माझ्याच आवाजासाठी रडणारी माणसं बघत राहिलो. नात तर ते सगळं पाठ करून बसली आहे. कमरेवर हात ठेवून घरभर म्हणत फिरते, "व्हय, आला लई मोठा लाटसाहेब." लोक म्हणतात, आजी उतरलीय तिच्यात.

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला परत निघायचे होते. मुलगी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि तिने फोन धरला. "आता तुमचाही घेऊन ठेवते, बाबा. आईच्या वेळी झालं तसं नको. सांडशीचा नको हं, तुमचा खरा. काहीही बोला."

वर्षभरात पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा दिसत होता. मी तोंड उघडलं. आत्ता सांगितलं तर हा चेहरा जाईल. नाही सांगितलं तर मी गेल्यावर या घरात माझे दोन आवाज राहतील आणि तिच्या आईचा एकही नाही.

"बोला ना," ती म्हणाली. "चालू आहे."

मी माझी तब्येत बरी आहे, असं सांगितलं.